घरच्या घरी पहिलं फर्निचर: साध्या बाकड्यापासून सुरुवात

सुतारकाम शिकायचं ठरवलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी पुस्तकांचं कपाट किंवा पलंग येतो. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात बाकड्यानं करावी. दारापाशी बसून चपला-बूट घालायला, गॅलरीत चहा घ्यायला, कुंड्या मांडायला असं एक बाकडं प्रत्येक घरात खपतं. ते आटोपशीर असतं, लाकूड थोडं लागतं, आणि आखणं, कापणं, खाच पाडणं, चिकटवणं, घासणं, पॉलिश करणं ही सगळी मूळ कामं त्यात एकदा तरी हाताखालून जातात. कपाटाला दारं, बिजागऱ्या आणि काटकोनांची मोठी काळजी असते. बाकडं थोडी चूक पोटात घालतं.

प्लायवुड मी पहिल्या कामासाठी मुद्दाम टाळायला सांगते. आठ बाय चारची शीट घरी सरळ कापणं नवख्याला जड जातं, आणि कापलेल्या कडा झाकायला पट्ट्या लावाव्या लागतात. पुढे कपाट कराल तेव्हा प्लाय घ्या. स्वयंपाकघर किंवा बाथरूमजवळ ठेवायचं असेल तर आयएस ७१० (हा भारतीय मानकाचा क्रमांक) छापलेलं, कोरड्या खोलीसाठी आयएस ३०३ छापलेलं पुरतं. आत्ता सलग लाकूडच हवं, कारण लाकूड कसं वागतं हे त्यातूनच कळतं.

लाकूड हलतं, आणि ते रुंदीत हलतं

आपल्याकडे पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात आणि दिवाळीनंतर पुन्हा मोकळी होतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. लाकूड हवेतली ओल घेतं तेव्हा फुगतं, ती सोडतं तेव्हा आकसतं. हे फुगणं-आकसणं जवळजवळ सगळं फळीच्या रुंदीत आणि जाडीत होतं. रेषेच्या (लाकडातल्या तंतूंच्या) दिशेनं, म्हणजे लांबीत, ते इतकं कमी असतं की घरच्या कामात धरायची गरज नाही. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे, तरी अकरा इंच रुंद फळीत कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. नागपूरच्या मे महिन्यात केलेली वस्तू रत्नागिरीच्या जुलैत नेली तर हा फरक नजरेला दिसतो.

म्हणून सगळ्या कामासाठी एक नियम: रुंद फळीला आडव्या रेषेची पट्टी संपूर्ण रुंदीभर फेव्हिकॉल लावून कधीही पक्की करू नका. फळी हलू पाहते, पट्टी हलू देत नाही, आणि शेवटी फळी तडकते. घरी केलेल्या टेबलांच्या मधोमध दिसणाऱ्या लांब चिरा बहुधा यातूनच आलेल्या असतात. नवशिके यंत्रांवर पैसे घालवतात आणि या एका गोष्टीकडे पाठ फिरवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढचं बाकडं या हालचालीला जागा ठेवूनच आखलंय.

वखारीत काय मागायचं

पुण्यात भवानी पेठेकडचं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड, नागपुरात लकडगंज ही लाकडाची ठरलेली ठिकाणं. तालुक्याच्या गावीही एखादी वखार किंवा सॉ मिल असतेच. तिथे फूट-इंचात बोला. लाकूड घनफुटावर विकतात. हिशोब सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ नं भागा. म्हणजे साडेसहा फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी सुमारे ०.२७ घनफूट भरते. हा हिशोब घरूनच करून गेलात तर बिल समजतं.

आपल्याला एक इंच जाडीच्या तीन फळ्या लागतील: दोन सहा इंच रुंद आणि साडेसहा फूट लांब, एक चार इंच रुंद आणि सहा फूट लांब. सगळं मिळून पाऊण घनफुटाच्या आतच. तिथेच मशीनवर चारही बाजूंनी रंधा मारून घ्या. एक इंचाची फळी रंधल्यावर साधारण २० मिलिमीटर उरते. खाली दिलेली मापं याच जाडीवर आहेत. तुमची फळी १९ किंवा २२ ची निघाली तर खाचेची खोली तेवढी बदला.

पहिल्यांदा पाइन घ्या. मऊ असतं, करवत सहज चालते. मात्र ते घरातच ठेवायचं. उघड्या गॅलरीत पावसाची झड येत असेल तर सागवानच हवं. जुन्या घराच्या तुळया, वासे, चौकटी विकणारे कुणी ओळखीचे असतील तर त्यांच्याकडचा जुना सागवान सोन्यासारखा, कारण तो वर्षानुवर्षं सुकलेला असतो. पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. कापण्याआधी लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा शोधा आणि काढा, नाहीतर करवतीचे दात आणि वखारीचा रंधा दोन्ही जातील. ‘जंगली लाकूड’ म्हणून स्वस्तात देतात ते टाळा. ते कोणत्या झाडाचं आणि किती ओलं, हे सहसा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

फळी निवडताना एक डोळा मिटून तिच्या कडेवरून लांबवर बघा. धनुष्यासारखी वाकलेली किंवा दोन टोकं उलट्या बाजूंना पिळलेली असेल तर बाजूला ठेवा. सागवानात सालीलगतचा पांढुरका भाग कमीत कमी असावा, कारण कीड आधी तिथे लागते. बारीक गोल भोकं आणि त्यातून पडणारी पिठासारखी भुकटी दिसली तर ती फळी घरात आणूच नका.

घरी आणल्यावर लगेच कापायला बसू नका. ज्या खोलीत बाकडं राहणार तिथेच, फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या बारीक पट्ट्या घालून थप्पी लावा आणि दोन-तीन आठवडे राहू द्या. लाकूड सुकतंय का हे पाहायला एक छोटा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन-तीन दिवसांनी तोला. वजन कमी व्हायचं थांबलं की लाकूड तुमच्या घराच्या हवेशी जुळलं.

हत्यारं

माप टेप, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), हातकरवत, १८ किंवा २० मिलिमीटरची पटाशी (लाकडाची छिन्नी), लाकडी हातोडा, साधं ड्रिल मशीन, ३ आणि ४.५ मिलिमीटरचे बिट, स्क्रूचं डोकं बुडवायला शंकूच्या आकाराचा बिट, चार क्लॅम्प, धारेचा दगड, आणि ८०, १२०, १८०, २२० नंबरचा पॉलिश पेपर. एवढ्यात काम होतं. हत्यारांचा खर्च धरला तर पहिलं बाकडं बाजारातल्यापेक्षा महाग पडेल. दुसऱ्यापासून परवडायला लागतं.

गुण्या विकत घेताना दुकानातच तपासा. सरळ कडेच्या फळीला टेकवून एक रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर दुसरा मागा.

पटाशी नवी असली तरी तिला धार नसते. आधी तिची सपाट पाठ दगडावर चकचकीत होईपर्यंत घासा, मग उतरती बाजू साधारण २५ ते ३० अंशांत धरून घासा. कागद हवेत धरून तो सहज कापला गेला पाहिजे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोरानं ती सटकते, आणि हात कापले जातात ते बहुतेक असेच.

अँगल ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी पात बसवून कापणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील. तुम्ही ते अजिबात करू नका. ती पात लाकडात अडकली की यंत्र क्षणात उलटं उसळतं. हातकरवतीनं हे सगळं बाकडं दोन-तीन संध्याकाळींत कापून होतं, आणि सोसायटीत कुणाची तक्रारही येत नाही.

आपले सुतार जमिनीवर बसून फळी पायानं धरतात. त्यामागे लहानपणापासूनची सवय असते. नवख्यानं मजबूत स्टुलाला किंवा जुन्या टेबलाला फळी क्लॅम्पनं आवळावी आणि पटाशी चालवताना दोन्ही हात तिच्या धारेच्या मागे ठेवावेत. घासताना तोंडावर मास्क, ड्रिल चालवताना डोळ्यांवर चष्मा. केस बांधलेले, ओढणी आणि सैल बाह्या आवरलेल्या.

मापं

घरी आल्यावर मात्र मिलिमीटरमध्ये काम करा. सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. तेवढ्या फरकानं सांधा ढिला होतो.

- बैठकीच्या फळ्या: २ नग, ९०० × १४०
- पायांसाठी तुकडे: ४ नग, ४३० × १३० (दोन-दोन जोडून २६० रुंदीचे दोन पाय)
- बाजूच्या पट्ट्या: २ नग, ८२० × ८०
- मधली आडवी पट्टी: १ नग, २२० लांब, पायांच्या फळीतून उरलेल्या तुकड्याची

उंची ४५० मिलिमीटर भरेल. घरात वयस्कर माणसं असतील तर पाय ३० मिलिमीटर उंच करा, मात्र मग पायांची फळी तेवढी जास्त लांब घ्या. गुडघे दुखणाऱ्याला उठताना तेवढ्याचाही फरक पडतो.

आखणं आणि कापणं

खरी सुतारकी आखण्यात आहे. प्रत्येक फळीची सगळ्यात चांगली एक बाजू आणि एक कड निवडा, त्यावर पेन्सिलीनं खूण करा आणि गुण्या कायम त्याच कडेला टेकवा. एकदा या कडेवरून, एकदा त्या कडेवरून आखलं की चौकोन तिरका होतो.

जोडीच्या वस्तू जोडीनं आखा. दोन्ही बाजूच्या पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून दोघींवर एकाच वेळी रेघ ओढा. टेपनं दोनदा वेगवेगळं मोजाल तर दोनदा वेगवेगळी चूक होईल. एकदाच आखलं तर जी चूक होईल ती दोन्हींकडे सारखी असेल आणि बाकडं तरी सरळ उभं राहील.

रेघ पेन्सिलीनं मारल्यावर कटरनं तीच रेघ हलकी कोरा. फेकायच्या बाजूला फुली मारा. करवत नेहमी फुलीच्या बाजूनं, रेघ राखून चालवा. पातीची जाडी रेघेबाहेर पडली पाहिजे. सुरुवातीला अंगठ्याच्या पेराचा आधार देऊन करवत दोन-तीनदा मागे ओढा, घळ पडली की लांब, सावकाश हात द्या. लहान तुकडा तुटत आला की डाव्या हातानं धरा, नाहीतर शेवटचा भाग चिरफळतो.

पाय

१३० रुंदीचे दोन तुकडे कडेला कड लावून उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसला तर कड सरळ नाही. रंध्यानं किंवा वखारीत परत नेऊन सरळ करून घ्या. फट फेव्हिकॉलनं भरून निघते असं वाटतं, पण ती कधीच भरून निघत नाही. कडा जुळल्या की एका कडेवर पातळ, सलग थर लावा, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला आणि क्लॅम्प आवळा. सांध्यातून बारीक थेंब बाहेर आले की थांबा. फार आवळलं तर गोंद सगळा बाहेर पडतो. ओल्या फडक्यानं पुसा आणि रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत खाचा आखा: २० आत, ८० खाली. बाजूच्या पट्ट्या या खाचांत बसणार आहेत. टेपनं आखण्याऐवजी प्रत्यक्ष पट्टीच तिथे धरून तिच्या कडेनं रेघ मारा. आधी आडवा काप घ्या, मग वरून खाली रेषेच्या दिशेनं दुसरा. रेघेच्या आत किंचित लाकूड राखा आणि उरलेलं पटाशीनं थोडं-थोडं सोला. पट्टी हातानं दाबल्यावर आत बसावी, पण उलटं धरलं तर आपोआप पडू नये, अशी जुळणी हवी. पहिली खाच सैल झाली तरी हरकत नाही, चौथी नक्की चांगली होते.

खालच्या कडेला मधोमध १५० रुंद आणि ९० उंच असा उलटा व्ही कापा. त्यामुळे प्रत्येक पाय दोन टोकांवर उभा राहतो आणि फरशी थोडी वर-खाली असली तरी बाकडं कमी डुगडुगतं.

जोडणी

आता हालचालीचा मुद्दा इथे कसा सांभाळलाय ते पाहा. पायांची रेषा उभी आहे, बैठकीची रेषा लांबीत आहे. म्हणजे दोन्ही बाकड्याच्या रुंदीतच फुगतात आणि आकसतात, एकाच दिशेला. बाजूच्या पट्ट्या पायांच्या कडांना धरलेल्या असल्यामुळे त्यांच्याबरोबर सरकतात. कुणी कुणाला ओढत नाही.

आधी गोंदाशिवाय सगळं जुळवून बघा. दोन्ही पट्ट्यांवर टोकांपासून ६० वर खूण करा; पायांची बाहेरची बाजू तिथे येईल. उभं करून वरून दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. मग खाचेत फेव्हिकॉल लावून पट्ट्या बसवा आणि प्रत्येक सांध्यात बाहेरून ५० मिलिमीटरचे दोन स्क्रू द्या. पट्टीत ४.५ चं भोक, पायात ३ चं. असं केलं नाही तर स्क्रू कडेजवळ लाकूड फाडतो. स्क्रूला मेणबत्ती घासली की सहज जातो. काळे ड्रायवॉल स्क्रू वापरू नका. ते ठिसूळ असतात, डोकं तुटतं, आणि किनारपट्टीच्या हवेत गंजून पॉलिशवर डाग सोडतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या.

मधली २२० ची पट्टी दोन्ही बाजूच्या पट्ट्यांच्या बरोबर मध्यभागी, वरच्या कडांशी समतल बसवा आणि बाहेरून प्रत्येक टोकाला दोन स्क्रू द्या. बसल्यावर फळ्या मध्ये लवू नयेत म्हणून ही.

बैठकीच्या दोन फळ्या ठेवताना मध्ये फट ठेवा. फट किती हे महिना ठरवतो. एप्रिल-मेमध्ये करत असाल तर ५ मिलिमीटर, कारण पावसात दोन्ही फळ्या फुगून तिच्यात सरकतील. पावसाळ्यात करत असाल तर ३ पुरे; थंडीत ती आपोआप रुंदावेल. प्रत्येक फळी बाहेरच्या कडेजवळ बाजूच्या पट्टीत तीन स्क्रूंनी पक्की करा, आणि मधल्या आडव्या पट्टीत फळीच्या मध्यावर फक्त एक स्क्रू. फळीला खालून फेव्हिकॉल लावू नका. बाहेरची कड धरलेली, आतली मोकळी, एवढंच हवं.

स्क्रूची डोकी किंचित बुडवून तशीच दिसू द्या. फेव्हिकॉल आणि भुशाचा लगदा भरून झाकली तर तिथे पॉलिश मुरत नाही आणि आठ डाग उठून दिसतात.

बाकडं डुगडुगलं तर लगेच पाय कापायला घेऊ नका. आधी ते फिरवून दुसऱ्या जागी ठेवा. डुगडुगणं जागेनुसार बदललं तर दोष फरशीचा. खरंच पायाचा असेल तर आखूड टोकाखाली कागदाच्या घड्या घालून बाकडं स्थिर करा, एक सपाट लाकडी तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर पेन्सिल आडवी धरा आणि चारही टोकांभोवती फिरवा. त्या रेघेवर कापलं की चारही टोकं एका पातळीत येतात.

घासणं आणि पॉलिश

८० पासून सुरुवात करून १२०, १८०, २२० असं चढत जा, कायम रेषेच्या दिशेनं. आडवं घासल्याचे ओरखडे पॉलिश लावल्यावरच दिसतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. सगळ्या कडा पेपरनं जरा मोडा. टोकदार कड पोटरीला टोचते आणि तिथलं पॉलिशही आधी उडतं.

पॉलिश कोणतं, हे हवेवर ठरवा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश सगळ्यात सुंदर दिसतं आणि चुकलं तर स्पिरिटनं पुसता येतं, पण त्यावर पाणी साचलं की पांढरा डाग पडतो. कच्चं जवसाचं तेल कोकणातल्या दमट हवेत आठवडाभरानंतरही चिकट लागतं आणि त्यावर बुरशी धरते. दारापाशी ठेवायच्या बाकड्याला मी पारदर्शक पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निशचे) तीन पातळ हात देईन, प्रत्येक हातानंतर २२० नं हलकं घासून. भर पावसात पॉलिश करू नका. ओल्या हवेत थर पांढुरका पडतो.

बैठकीच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. फक्त वरून पॉलिश केलं तर फळी खालच्या बाजूनं ओल घेते आणि कडा वर उचलून खोलगट होते. पायांच्या खालच्या टोकांना तर एक हात जास्त, कारण फरशी पुसताना पाणी तिथूनच रेषेतून वर चढतं. वाळल्यावर त्याखाली नमद्याचे (फेल्टचे) तुकडे चिकटवा.

तेल वापरलंच तर एक गोष्ट जिवावरची आहे: जवसाच्या तेलानं भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळ्यावर, एक-एक पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

पीयूचा वास दोन-चार दिवस राहतो, तोवर खिडक्या उघड्या ठेवा आणि आठवडाभर बाकड्यावर ओलं काही ठेवू नका. पहिला पावसाळा सरला की ऑक्टोबरअखेर सगळे स्क्रू एकदा हातानं तपासा; लाकूड आकसल्यावर एखादा सैल लागला तर पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नको.